नजर जागेवर, लक्ष दुसरीकडे: मेंदू जागा कशी निवडतो

प्रश्न असा आहे: डोळे एका बिंदूवर खिळवून ठेवले तरी डावीकडच्या किंवा उजवीकडच्या गोष्टीकडे लक्ष देता येतं. तेव्हा नेमकं हलतं काय? हे मेंदूचा कुठला भाग ठरवतो, साध्या संगणकावर ते मोजता येतं का, आणि मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की माणसाची डावी बाजूच हरवते ती कशामुळे?

लक्षाला बॅटरीच्या झोताची उपमा देण्याची पद्धत आहे. शिकवताना ती सोयीची पडते, पण पुढे अडचण करते, कारण झोत म्हटला की तो धरणारा हात शोधत बसावं लागतं. मेंदूत असा हात नाही. तिथे जागांची आपसात चढाओढ चालू असते, आणि लक्ष म्हणजे त्या चढाओढीत एका जागेच्या पारड्यात टाकलेलं वजन. हे वजन टाकणारी यंत्रणा बहुतांशी तीच, जी डोळे पुढे कुठे वळवायचे ते ठरवते. एवढं हाताशी ठेवलं तर खालच्या सगळ्याचा उलगडा होत जातो.

निवड करावी का लागते, ते आधी पाहू. हात समोर ताठ धरून अंगठ्याच्या नखाकडे बघा. दृष्टिपटलावरचा सर्वांत बारीक टिपणारा भाग, म्हणजे फोव्हिआ, साधारण तेवढाच टापू पाहतो, दीड-दोन अंशांचा. केंद्रापासून 10 अंश बाजूला गेलं की तीक्ष्णता जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. मेंदूच्या मागच्या टोकाला असलेल्या प्राथमिक दृष्टिकेंद्रात सुमारे निम्मी जागा फक्त मधल्या 10 अंशांसाठी खर्ची पडते. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात. पण उडी मारायच्या आधी कुठे मारायची ते ठरवावं लागतं, आणि ते ठरतं बाजूच्या अंधुक दिसणाऱ्या भागातल्या माहितीवर. नजर पोहोचण्याआधी लक्ष पोहोचलेलं असतं. डोळे न हलवता दिलेल्या या लक्षाला आपण छुपं लक्ष म्हणू. ती काही खास कसरत नाही. दिवसभर प्रत्येक उडीच्या आधी ते घडतच असतं, फक्त एरवी उडी लगेच होऊन जाते म्हणून जाणवत नाही.

हेच वाचताना करून बघा. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि तिथून न हलता चार शब्द पलीकडचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. लक्ष तिथे जातं हे स्पष्ट कळतं, तिथे काहीतरी आहे हेही कळतं, पण अक्षरं एकमेकांत मिसळतात. कारण तीक्ष्णतेची कमतरता एवढंच नाही. बाजूच्या नजरेत एखादं अक्षर वेगळं ओळखू यायचं असेल तर त्याच्या भोवती बरीच मोकळी जागा लागते, साधारणपणे केंद्रापासूनच्या अंतराच्या निम्मी. बाउमा यांनी 1970 मध्ये हे दाखवलं. म्हणजे 10 अंशांवरच्या अक्षराला दोन्ही बाजूंनी 5 अंश मोकळे हवेत. लक्ष जागा निवडून देतं, दृष्टिपटलाकडे नसलेली तीक्ष्णता कुठून आणणार?

छुपं लक्ष मोजण्याची सर्वमान्य पद्धत मानसशास्त्रज्ञ मायकल पोस्नर यांची, 1980 ची. मांडणी इतकी साधी आहे की लोक ती घाईत उभारतात आणि तिथेच फसतात, म्हणून जरा तपशिलात जातो.

माणसाचे डोळे आणि पडदा यांत 57 सेंटिमीटर अंतर ठेवा. या अंतरावर पडद्यावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 1 अंश होतो, त्यामुळे मोजपट्टीनेच काम भागतं. हनुवटी टेकवायला आधार द्या, नाहीतर दहा मिनिटांत माणूस पुढे सरकतो आणि सगळे अंश बदलतात. मध्यभागी अर्ध्या सेंटिमीटरची फुली, तिच्या डावी-उजवीकडे 7 सेंटिमीटरवर एकेक पोकळ चौकट. फुली 1000 ते 1500 मिलिसेकंद दिसू द्या, आणि हा वेळ प्रत्येक खेपेला वेगळा ठेवा. तो ठरावीक असला की माणूस ताल धरून बटण दाबायला लागतो. मग संकेत, मग एका चौकटीत ठिपका. ठिपका दिसताच बटण दाबायचं, बस.

संकेत दोन तऱ्हांचे. मराठीत हा फरक आधीच आहे: लक्ष वेधलं जातं आणि लक्ष दिलं जातं. एका चौकटीची कड क्षणभर उजळली की लक्ष वेधलं जातं. मधल्या फुलीचा रंग बदलून 'तांबडा म्हणजे डावीकडे, निळा म्हणजे उजवीकडे' असं आधी सांगून ठेवलं की लक्ष दिलं जातं. दुसऱ्या तऱ्हेत संकेत 80 टक्के वेळा खरा आणि 20 टक्के वेळा खोटा ठेवतात, म्हणजे त्यावर विश्वास ठेवणं माणसाच्या फायद्याचं होतं. पहिल्या तऱ्हेत तो 50 टक्के, म्हणजे पूर्ण बिनकामाचा ठेवला तरी चालतो. लक्ष तरीही ओढलं जातंच. मधल्या संकेतासाठी बाण वापरायचा मोह टाळा. बाण इतका सवयीचा आहे की त्यावर विश्वास ठेवू नका असं सांगितलं तरी तो थोडं लक्ष ढकलतोच, आणि मग 'दिलेलं' आणि 'वेधलेलं' यांची खिचडी होते.

खरा संकेत मिळालेल्या जागी प्रतिसाद लवकर येतो, खोट्याच्या वेळी उशिरा. फरक साधारण 20 ते 50 मिलिसेकंदांचा. एवढ्याशा फरकासाठी किती खेपा लागतील याचा हिशेब सुरुवातीलाच करा. एकाच माणसाचा प्रतिसादाचा वेळ खेपेगणिक 60 मिलिसेकंदांच्या आसपास मागेपुढे होतो असं धरू. खोट्या संकेताच्या 10 च खेपा असतील तर सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी नुसत्या योगायोगाने किती हलू शकते तो आकडा, 60 भागिले 10 चं वर्गमूळ, म्हणजे 19 मिलिसेकंद. 30 मिलिसेकंदांचा फरक त्यात बुडालाच. 60 खेपा असतील तर त्रुटी 8 वर येते. 80-20 च्या प्रमाणात 60 खोट्या म्हणजे 240 खऱ्या, एकूण 300. त्यात आणखी 30 खेपा अशा घाला की ज्यांत ठिपका येतच नाही. तिथेही जो बटण दाबतो तो ठिपक्याची वाट न बघता अंदाजाने दाबतोय. दर 60-70 खेपांनंतर विश्रांती द्या. आकडे हाती आले की 150 मिलिसेकंदांच्या आतले आणि 1000 च्या वरचे प्रतिसाद काढून टाका, आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरा, कारण प्रतिसादाच्या वेळांना उजवीकडे लांब शेपूट असतं.

पडद्याची एक गंमत लक्षात ठेवा. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. 50 मिलिसेकंद म्हणजे बरोबर 3 फ्रेम, 100 म्हणजे 6. पण प्रोग्राममध्ये 120 लिहिलं तर ते 7.2 फ्रेम होतात, आणि पडदा कधी 7 दाखवतो, कधी 8. वेळ नेहमी फ्रेममध्ये मोजा. साध्या कीबोर्डची दिरंगाई मात्र फारशी मनावर घेऊ नका. ती दोन्ही प्रकारच्या खेपांना सारखीच लागू होते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. उरते ती थोडी खरखर.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो ती जागा. चौकट उजळवून अर्धा सेकंद थांबून ठिपका दाखवला, आणि निकाल उलटा आला: उजळलेल्या बाजूलाच प्रतिसाद उशिरा! प्रोग्राममध्ये डावं-उजवं उलट झालं असेल म्हणून लोक रात्रभर ओळी तपासत बसतात. चूक तिथे नसते. वेधलेलं लक्ष झटपट चढतं, 100 मिलिसेकंदांच्या आसपास शिखर गाठतं आणि उतरतं. साधारण 300 मिलिसेकंदांनंतर ती जागा उलट मागे पडते. पोस्नर आणि कोहेन यांनी 1984 मध्ये हे मांडलं. आत्ताच पाहून झालेल्या जागी परत जाण्यापेक्षा नव्या जागा धुंडाळणं फायद्याचं, असा त्याचा अर्थ सहसा लावतात. दिलेल्या लक्षाची चाल वेगळी. संकेताचा अर्थ लावून ते उभं राहायला सुमारे 300 मिलिसेकंद घेतं, पण उभं राहिलं की मनात असेल तोवर टिकवता येतं. म्हणून चौकट उजळवायची असेल तर संकेत आणि ठिपका यांत 100 मिलिसेकंद, रंगाची फुली असेल तर 500 च्या पुढे. एकाच अंतरावर दोन्ही मोजून तुलना केली की काहीही सिद्ध होतं.

आणि डोळे? उडी मारायला डोळ्यांना साधारण 200 मिलिसेकंद लागतात. 100 मिलिसेकंदांच्या खेपेत डोळे हलायला वेळच नसतो, तिथे निश्चिंत राहा. 500 च्या खेपेत मात्र माणूस सांगून-सवरूनही तिरपं बघतो. तिथे नजर टिपणारं यंत्र लागतंच, आणि फुलीपासून दीड-दोन अंशांपलीकडे गेलेली खेप रद्द करायची. कडक टक लावलेली असतानाही डोळे एका अंशाहून लहान सूक्ष्म उड्या मारत असतात, आणि त्यांची दिशा बरेचदा छुप्या लक्षाच्या दिशेलाच झुकते. डोळ्यांचं आणि लक्षाचं नातं किती घट्ट आहे ते इथे उघड्यावर येतं.

लवकर दाबलेलं बटण म्हणजे चांगलं दिसलं असंही लगेच म्हणू नका. खऱ्या संकेताच्या जागी माणूस कमी पुराव्यावर 'दिसलं' म्हणायला तयार झाला असेल, तरी वेळ कमीच येईल. नीट वेगळं करायचं तर ठिपक्याऐवजी तिरप्या रेघांचा फिकट ठसा दाखवा आणि तो डावीकडे कललाय की उजवीकडे, ते विचारा. कल ओळखण्याची अचूकता वाढली तर दिसणंच सुधारलं.

आता आत डोकावू. मोरान आणि डेसिमोन यांनी 1985 मध्ये माकडांच्या दृष्टिकेंद्रातल्या व्ही-4 नावाच्या भागातल्या पेशी तपासल्या. या पेशी दृश्याच्या बऱ्यापैकी मोठ्या तुकड्यावर नजर ठेवतात, त्यामुळे दोन वस्तू एकाच पेशीच्या हद्दीत मावतात. समजा एका पेशीला तांबडी पट्टी आवडते, हिरवी नाही. दोन्ही पट्ट्या तिच्या हद्दीत ठेवल्या आणि माकडाने हिरवीकडे लक्ष दिलं, तर पेशीचा प्रतिसाद घसरतो. जणू तांबडी तिथे नाहीच. पट्ट्या त्याच, डोळे त्याच जागी, बदललं ते फक्त कोणाची वट चालते ते. चढाओढ म्हणतात ती हीच. 2009 मध्ये कोहेन आणि मॉन्सेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: लक्ष दिलं की शेजारच्या पेशींच्या अनियमित चढउतारांचा एकमेकांशी असलेला संबंध घटतो. सगळ्या पेशी एकाच वेळी चुकत असतील तर कितीही पेशींची सरासरी काढून उपयोग नसतो. चुका वेगवेगळ्या झाल्या की सरासरीत त्या एकमेकींना खोडतात. लक्षाच्या फायद्याचा मोठा वाटा इथून येतो.

मग वजन टाकतं कोण? कपाळामागच्या भागात फ्रंटल आय फील्ड नावाची पट्टी आहे. तिथे पुरेसा विद्युतप्रवाह दिला की डोळे ठरलेल्या जागी उडी मारतात. मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी 2003 मध्ये डोळे हलणारच नाहीत इतका क्षीण प्रवाह दिला. डोळे जागेवर राहिले, पण उडी जिथे पडली असती त्या जागेच्या व्ही-4 पेशींचा प्रतिसाद वाढला. न मारलेली उडी म्हणजेच लक्ष, असं रिझोलाटी आणि सहकारी 1987 पासून म्हणत होतेच. मात्र हे समीकरण तसंच्या तसं घेऊ नका. या पट्टीत काही पेशी दृश्याला जागतात तर काही हालचालीच्या आधी. छुपं लक्ष दिल्यावर पहिल्या प्रकारच्या सरसावतात, दुसऱ्या गप्प राहतात. नकाशा एक, त्यावर काम करणारे दोघे.

पराइटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या, घडीत असाच आणखी एक नकाशा आहे. तिथे प्रत्येक जागेची तातडी मांडलेली असते: चमकलं म्हणून थोडी, कामाचं आहे म्हणून थोडी. ज्या जागेची बेरीज त्या घटकेला सर्वांत जास्त, तिथे लक्ष. मध्यमेंदूतला सुपीरिअर कॉलिक्युलस हा उत्क्रांतीत या सगळ्यांहून जुना. लव्हजॉय आणि क्राउझलिस यांनी 2010 मध्ये त्याचा एक तुकडा तात्पुरता बधिर केला, तर तो तुकडा दृश्यातली जी जागा सांभाळतो तिथला संकेत मिळूनही माकड दुसरीकडच्या भुलवणाऱ्या दृश्याला फसू लागलं. पुढे 2012 मध्ये असं दिसलं की कॉलिक्युलस बधिर असताना कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, पेशींवरचा लक्षाचा ठसा जसाच्या तसा राहतो, तरी माकडाची निवड कोलमडते. म्हणजे पेशींचा आवाज वाढणं पुरेसं नाही. तो वाढलेला आवाज ऐकणारा दुसराच कोणीतरी आहे. 'लक्ष म्हणजे आवाज वाढवणं' हे पाठ्यपुस्तकी वाक्य वाचताना हा प्रयोग आठवावा.

माणसांत ईईजीने, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूच्या विद्युतलहरी मोजून, लक्षाची खूण सहज दिसते. डोक्याच्या मागच्या भागावर डावी-उजवीकडे इलेक्ट्रोड लावले की लक्ष ज्या बाजूला दिलं त्याच्या विरुद्ध बाजूच्या अर्ध्या मेंदूत 8 ते 12 हर्ट्झच्या अल्फा लहरी दबतात. ठिपका यायच्या आधीच.

आता डाव्या बाजूचं कोडं. कॉर्बेटा आणि शुलमन यांनी 2002 मध्ये दोन जाळ्यांची मांडणी केली. वरचं जाळं, म्हणजे पराइटल घडी आणि फ्रंटल आय फील्ड, मेंदूच्या डाव्या-उजव्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखं आहे आणि लक्ष देण्याचं काम करतं. खालचं जाळं, टेंपोरल (कानाजवळच्या) आणि पराइटल लोबच्या सांध्यापासून कपाळाच्या खालच्या भागापर्यंत, मुख्यतः उजवीकडे आहे. अनपेक्षित पण महत्त्वाचं काही आलं की चालू काम तोडून लक्ष वळवणं हे त्याचं काम. उजव्या मधल्या मेंदूधमनीच्या हद्दीत स्ट्रोक झाला की बहुधा हेच खालचं जाळं सापडतं. त्याचा धक्का वरच्या जाळ्याला बसतो: उजव्या अर्ध्याचा जोर ओसरतो, डाव्याचा तसाच राहतो, आणि डावा अर्धा लक्षाला सतत उजवीकडे ओढतो. जुनं स्पष्टीकरण असं की उजवा मेंदू दोन्ही बाजू सांभाळतो आणि डावा फक्त उजवी, म्हणून डाव्याची इजा भरून निघते, उजव्याची नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण रुग्ण सुधारतो तेव्हा काय होतं हे पहिल्याने जास्त नीट कळतं: दोन अर्ध्यांचा तोल परत सावरतो.

डावी बाजू अशी हरवण्याला निग्लेक्ट म्हणतात. दिसत नाही असं नसतं, दखल घेतली जात नाही. 1978 मध्ये बिसियाक आणि लुझाटी यांनी मिलानच्या दोन रुग्णांना तिथला कॅथेड्रलचा चौक डोळ्यांसमोर आणून वर्णन करायला सांगितलं. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या दारातून चौकाकडे बघतोय अशी कल्पना करायला सांगितली, तर आधी गाळलेल्या सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. चौक पूर्ण आठवत होता. कल्पनेतही डावी बाजू वाट्याला येत नव्हती.

खाटेजवळ तपासताना अर्धदृष्टी, म्हणजे खरोखरच अर्धा भाग न दिसणं, आणि निग्लेक्ट यांत गल्लत होते. 20 सेंटिमीटरची आडवी रेघ रुग्णाच्या छातीच्या बरोबर मध्यासमोर ठेवा आणि तिचा मध्य खुणावायला सांगा. निरोगी माणूस साधारण दोन-चार मिलिमीटर डावीकडे चुकतो. निग्लेक्टचा रुग्ण उजवीकडे सरकतो, कधी कित्येक सेंटिमीटर. नुसती डावी अर्धदृष्टी असलेला मात्र बहुधा डावीकडे, आपल्या न दिसणाऱ्या बाजूला चुकतो. शिवाय त्याला आपली उणीव ठाऊक असते, तो मान वळवून भरपाई करतो. निग्लेक्टच्या रुग्णाला विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणतो. कागदभर विखुरलेल्या 40 लहान रेघा खोडायला दिल्यावर किती राहिल्या याइतकंच पहिली कुठली खोडली हेही लिहून ठेवा. डावीकडून उजवीकडे वाचणारा माणूस एरवी डाव्या वरच्या कोपऱ्याकडून सुरुवात करतो, निग्लेक्टचा रुग्ण अगदी उजव्या कडेने. शेवटी रुग्णाच्या दोन्ही बाजूंना बोटं धरून हलवून बघा: डावीकडे एकटं हललं तर सांगतो, दोन्हीकडे एकाच वेळी हललं तर डावं गळतं. चढाओढ उघड्या डोळ्यांनी बघायची असेल तर हीच.

तपासणी बिघडते ती क्षुल्लक कारणांनी. तपासणारा रुग्णाच्या उजवीकडे बसतो आणि सगळं लक्ष तिकडेच ओढून घेतो, किंवा कागद हळूहळू उजवीकडे सरकतो आणि आकडे सुधारल्यासारखे वाटतात. कागद चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा, आणि समोर बसा. एकाच चाचणीवर निकाल देऊ नका, कारण रेघेत नीट उतरलेला रुग्ण खोडाखोडीत सपशेल चुकलेला दिसतो, आणि उलटही.

उपचारांत रोसेट्टी यांचा 1998 चा लोलकाचा (प्रिझमचा) उपाय प्रसिद्ध आहे: दृश्य उजवीकडे 10 अंश सरकवणारा चष्मा घालून ठिपक्यांकडे सुमारे 50 वेळा बोट दाखवायचं. चष्मा काढला की हात डावीकडे झुकतो, आणि लक्षही काही काळ त्याच्यासोबत जातं. नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत, म्हणून त्यावरच विसंबू नये. नजर फिरवण्याचा सराव कंटाळवाणा आहे, पण तो चुकवू नका. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा, आणि ती रेघ दिसल्याशिवाय रुग्णाला पुढची ओळ सुरू करू देऊ नका. बोलावण्याची घंटा आणि पाण्याचा पेला मात्र सुरुवातीला उजवीकडेच ठेवा. डावीकडे ठेवून सराव होत नाही, माणूस तहानलेला राहतो.